तांब्याचा घास

आजीच्या स्वयंपाकघरात फळीच्या कडेला एक तांब्याची पातेली असायची. तिच्या आतल्या बाजूला, तळापासून चार बोटं वर, एक रेघ आहे. डोळ्यांना ती चटकन दिसत नाही, पण बोट फिरवलं की नखाला लागते. ती रेघ माझ्यामुळे पडली.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. मे महिन्यात आम्ही सगळे गावाला निघालो. आदल्या दुपारी मी लिंबं चिरली, मीठ लावलं आणि हाताला लागलं त्या भांड्यात भरून वर ताटली झाकली. परत आल्यावर आजीला आयतं लोणचं मिळेल, एवढाच विचार. पातेलीची कल्हई उडालेली आहे हे मला कळलं नव्हतं. खरं तर कल्हई कशासाठी करतात हेच ठाऊक नव्हतं. पाच आठवड्यांनी ताटली उचलली तर आत सगळं हिरवंनिळं जंगाल. आजीने मुकाट्याने परसात खड्डा करून ते पुरलं, चिंच आणि राख घेऊन पातेली घासली, खूप वेळ घासली, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरली. म्हणाली, "आंबटानं तांबं खाल्लं गं बाई." रागावली नाही. लिंबाचा रस जिथपर्यंत होता, जिथे आंबटाला वरून हवाही मिळत होती, तिथे तांबं सगळ्यात जास्त गेलं होतं. तीच ती रेघ.

पुढे भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम झालं. इंग्रजी मजकुरात एक क्रियापद वरचेवर भेटायचं : एच्, म्हणजे ज्यापासून एचिंग, आम्लाच्या मदतीने धातूवर चित्र उमटवण्याच्या कलेचं नाव, झालं ते. कुणाचा तरी चेहरा कुणाच्या तरी स्मृतीवर एच् झालेला असायचा. मी डोळे मिटून लिहीत असे, 'मनावर कोरला गेला'. मराठीत हेच लिहितात, ते वाचायलाही बरं वाटतं आणि संपादकांची कधी तक्रार आली नाही. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका संध्याकाळी, दुसराच शब्द शोधत असताना, व्युत्पत्तिकोशात नजर या नोंदीवर थांबली. इंग्रजीत हा शब्द 1630 च्या दशकात आला. आला तो डच भाषेतल्या 'एट्सन' या क्रियापदापासून. डचांनी तो जर्मन 'एट्झेन'वरून घेतला होता. आणि त्या जर्मन शब्दाचा मुळातला अर्थ होता खायला लावणं, खाऊ घालणं.

मी कोश मिटला. आजीचं वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं.

व्याकरण इथे फार सुंदर आहे, त्यामुळे थोडं थांबते. मराठीत आपण पडणे या क्रियापदाचं पाडणे करतो. झाड पडतं ते आपलं आपण, झाड पाडतो तो माणूस. मरणे-मारणे, जळणे-जाळणे, चरणे-चारणे. स्वर जरा ताणला की करणारा बदलतो, एकाने दुसऱ्याकडून करवून घेतलं असा अर्थ येतो. इंग्रजी ज्या कुळातली त्या जर्मानिक भाषांतही हीच युक्ती होती. झाड पडतं तेव्हा इंग्रजी 'फॉल' म्हणते आणि पाडतात तेव्हा 'फेल'. बसणं 'सिट', बसवणं 'सेट'. तसंच खाणं 'ईट' आणि खाऊ घालणं, डचांकडून फिरून आलेलं, 'एच्'. आता संस्कृतकडे पाहा. खाणे या अर्थाचा धातू अद्. त्याचं प्रयोजक रूप आदयति, म्हणजे खाऊ घालतो. हे आदयति आणि ते एट्झेन एकाच मुळाची आणि एकाच घडणीची रूपं आहेत. दूरच्या नात्यातली नव्हेत, सख्खी भावंडं. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेला शब्द इकडे यज्ञाच्या वेदीपाशी आला आणि तिकडे लोहारांच्या भट्टीपाशी गेला.

याच अद् पासून आपल्याकडे अन्न झालं. तैत्तिरीय उपनिषदात अन्न या शब्दाची फोड करताना ऋषी एक धीट गोष्ट सांगतो : जे खाल्लं जातं आणि जे स्वतःही भूतमात्रांना खातं, ते अन्न. लहानपणी हे मला कोडं वाटलं होतं. अन्न कसं खाईल? पण लिंबाच्या फोडींनी पातेलीला काय केलं ते मी पाहिलं होतंच.

जर्मन भाषेतल्या शिकाऱ्यांच्या बोलीत याच शब्दाचं जवळचं रूप, 'आट्झेन', अजून मूळ अर्थाने जिवंत आहे. ससाण्यासारखा पक्षी घरट्यात पिलांना भरवतो, त्याला ते हा शब्द वापरतात. उघडी चोच आणि तिच्यात घातलेला घास. आपल्याकडे चिऊकाऊचा घास भरवताना पाखरंच मदतीला येतात, त्यामुळे मला हा अर्थ वाचून घरी आल्यासारखं झालं.

तर मग एचिंगमध्ये धातूला भरवतात म्हणजे काय करतात? नीट बोलायचं तर भरवतात ते तेजाबाला, धातू हा घास. हे मला शब्दकोशातून कळेना म्हणून एका मुद्राचित्रकार मैत्रिणीच्या खोलीत जाऊन बसले. मुंबईतली तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडक्या सताड उघड्या. तिने तांब्याचा तळहाताएवढा पत्रा घेतला. त्याला ती मंडळी प्लेट म्हणतात. कडा कानशीने उतरत्या केल्या, नाहीतर छापताना कागद फाटतो. मग खडूच्या भुकटीने प्लेट घासली, पाणी ओतलं तर ते थेंबाथेंबाने न पळता सपाट पसरलं पाहिजे इतकी. जरा जरी तेलकटपणा राहिला तरी पुढचा थर धरत नाही. तो थर मेणाचा, राळेचा आणि डांबरासारख्या काळ्या द्रव्याचा. प्लेट तापवून त्यावर तो पातळ बसवला आणि मेणबत्त्यांच्या धुरावर उलटी धरून काळीभोर केली, म्हणजे सुईच्या रेघा उजेडासारख्या दिसतील.

मग तिने सुई घेतली. इथे माझी समजूत पहिल्यांदा ढासळली. मला वाटत होतं की ती आता तांबं खरवडणार. पण सुई तांब्याला जखम करतच नव्हती. ती फक्त मेण बाजूला सारत होती, आणि मेण गेलं की खालचं तांबं लालसर चमकत उघडं पडत होतं. हाताला जोर लागत नव्हता. पाटीवर पेन्सिल फिरावी तसा हात फिरत होता. धातूवर चित्र म्हणून अजून काहीच उमटलेलं नव्हतं. तिने फक्त वाट उघडी करून दिली होती.

खाणं पुढे झालं. विरळ केलेल्या नायट्रिक ॲसिडच्या तसराळ्यात प्लेट सोडली आणि रेघारेघांवर बारीक बुडबुडे उठू लागले. बुडबुडे तसेच राहू दिले तर खाली खाणं सारखं होत नाही, म्हणून ती पक्ष्याच्या पिसाने ते हलकेच झाडत होती. आजारी माणसाच्या ओठावरचं पाणी टिपावं इतक्या हलक्या हाताने. तीन मिनिटांनी तिने प्लेट बाहेर काढली, धुतली आणि आभाळाच्या रेघांवर वार्निश लावून त्यांची तोंडं बंद केली. आभाळ हलकं राहायला हवं. बाकीच्या रेघा परत ॲसिडात. मग डोंगर झाकले, मग घरं. शेवटपर्यंत उघडं राहिलं ते अगदी पुढचं झाड. ज्याला जितका वेळ तितकी खोली, आणि जितकी खोली तितकी शाई. मैत्रीण घड्याळाकडे बघत मला म्हणाली, "आता मी काही करत नाहीये. तो खातोय, मी बसलेय."

समोर बसून मला आमच्या वाड्यात येणारा कल्हईवाला आठवत होता. तो जमिनीत खळगा करून भट्टी पेटवायचा, भांडं तापलं की चिमूटभर नवसागर टाकून कापसाने पुसायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून आतून रुपेरी उजेड फिरवायचा. कथलाचा तो थर म्हणजे आंबटाला घातलेला बांध. ताक कळकू नये, आमटी कळकू नये म्हणून. मुद्राचित्रकाराचं मेण तेच काम करतं, फक्त तो त्यात सुईने मुद्दाम फटी ठेवतो. आणि नवसागराची गंमत अशी की अब्राहम बॉस या फ्रेंच कलावंताने 1645 मध्ये या कलेवर पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं, त्यात तांबं खाण्यासाठी दिलेलं पाणी शिर्का, मीठ, नवसागर आणि जंगाल यांचं आहे. आंबट, मीठ आणि जंगाल. माझ्या लिंबांच्या पातेलीत यातली तीन होती.

ही विद्या कागदासाठी जन्मलीच नव्हती. जर्मनीत चिलखतं आणि तलवारी यांवर नक्षी काढणारे कारागीर होते. पोलादावर छिन्नी चालवणं जिकिरीचं, म्हणून ते मेण लावून आम्लाकडून नक्षी खाववून घेत. ऑग्सबुर्गचा डॅनिएल हॉप्फर त्यांच्यापैकीच. 1500 च्या सुमाराला त्याने लोखंडी पत्र्यावर हीच रीत वापरून चित्रं छापली. तारीख घातलेलं सर्वांत जुनं असं चित्र 1513 चं आहे, उर्स ग्राफ या स्विस कलावंताचं. ड्यूरर या जर्मन चित्रकारानेही 1515 ते 1518 या काळात सहा चित्रं लोखंडावर केली आणि सोडून दिली. लोखंड गंजायचं, रेघा खरबरीत व्हायच्या. पुढे तांबं आलं, आणि ही कला डचांच्या हाती पडली तेव्हा ती खरी बोलायला लागली.

सतराव्या शतकातल्या त्या चिमुकल्या ओल्या देशाने इंग्रजीला चित्रकलेचे किती शब्द दिले! निसर्गदृश्याला 'लँडस्केप' आणि कच्च्या रेखाटनाला 'स्केच' हे शब्द डचांचे. चित्र टेकवायच्या तिकाटण्याला 'ईझल' म्हणतात, तो मुळात डचांचा गाढव या अर्थाचा शब्द. ओझं वाहतो म्हणून गाढव, जशी आपल्याकडे लाकडी तिवईला घोडी म्हणतात. आपल्या किनाऱ्यालाही ही माणसं नवखी नव्हती. त्यांनी 1637 मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. मी ते पाहायला गेले तेव्हा भिंतींवर वडाची मुळं चढलेली होती आणि खाऱ्या वाऱ्याने चुना खाल्ला होता. पुन्हा तेच क्रियापद. मराठीत काळ, वारा, गंज, वाळवी, चिंता, सगळे खातात. इंग्रजीनेही एकेकाळी असाच एक शब्द केला होता : काळजीने झुरणं या अर्थाचा 'फ्रेट' हा मूळचा 'खाऊन टाकणे'.

इंग्लंडात एच् हा शब्द पोचला त्याच सुमाराला, 1636 मध्ये, प्रागचा वेन्सेस्लाउस होलार हा मोठा एचिंगकार एका इंग्रज सरदाराच्या पदरी लंडनला आला. 1662 मध्ये विल्यम फेथॉर्नने बॉसच्या पुस्तकाच्या आधारे इंग्रजीत पुस्तक काढलं आणि या शब्दाला त्याच्या शीर्षकातच जागा मिळाली. पण मला ओढ आहे ती ॲम्स्टरडॅमच्या एका घराची. डच चित्रकार रेम्ब्रांटने ते 1639 मध्ये 13,000 गिल्डरला घेतलं आणि त्याच्या कर्जातून तो कधी वर आला नाही. आज तिथे संग्रहालय आहे, वरच्या खोलीत दाब द्यायचं लाकडी यंत्र आहे आणि पाहुण्यांना चित्र छापून दाखवतात. ओल्या कागदावर लोकरीची घोंगडी घालून चाक फिरवतात. मी तिथे उभी होते. कागद उचलताना जो सुटण्याचा आवाज येतो तो पापुद्रा निघावा तसा आहे.

रेम्ब्रांटने सुमारे तीनशे एचिंगं केली. त्यांतलं एक 1656 चं. त्याच वर्षी त्याने दिवाळं जाहीर केलं, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी झाली, 363 नोंदींची. त्याच सुमारास तो हिंदुस्थानातून आलेली मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्यांची रेखाटनं करत होता. अशी वीसहून अधिक रेखाटनं आज जगात आहेत. एकात झाडाखाली चार वृद्ध मौलवी बसले आहेत. ही बैठक त्याच्या मनात राहिली. त्या 1656 च्या एचिंगसाठी त्याने घेतलेली बायबलमधली कथा अशी की तीन अनोळखी वाटसरू दारी आले, अब्राहमने त्यांचे पाय धुवायला पाणी आणवलं, बायको सारा हिच्याकडून भाकरी करून घेतल्या, दूध-लोणी आणि मांस वाढलं आणि ते जेवेपर्यंत स्वतः झाडाखाली उभा राहिला. पाहुणे म्हणजे देव आणि देवदूत होते. युरोपातले चित्रकार हा प्रसंग काढताना पाहुण्यांना मेजावर बसवत. रेम्ब्रांटने त्यांना जमिनीवर, सतरंजीवर बसवलं, मुघल चित्रातल्या वृद्धांसारखं. पाठ वाकवलेला अब्राहम सुरई घेऊन वाढायला तयार, दाराआड सारा, पाठमोरा मुलगा धनुष्य ओढतोय. जमिनीवर बसलेली पंगत आणि वाढणारा यजमान. ती पाहताना माझ्या मनात आलं की हे चित्र, या रीतीतच, व्हायला हवं होतं. खाऊ घालणं या अर्थाच्या क्रियापदाने, खाऊ घालण्याचं चित्र.

या चित्राची मूळ तांब्याची प्लेट टिकून आहे, ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. बाकीच्या बहुतेक प्लेटी झिजून, वितळून गेल्या. ही का राहिली? कारण कुणीतरी तिच्या पाठीवर तैलरंगात निसर्गदृश्य रंगवलं, आणि जग त्या रंगवलेल्या बाजूलाच चित्र समजत राहिलं. खाल्लेली बाजू आत झाकलेली राहिली.

आता माझ्या 'कोरणे'कडे येते. कोरणे हा गुणी शब्द आहे. लेण्यांचा आणि ताम्रपटांचा हा शब्द. पण त्यात हात आहे, जोर आहे, आणि काय काढून टाकायचं हे कोरणाऱ्याला ठाऊक आहे. चित्रं ओळखणारे लोक तर दोन रेघा नुसत्या पाहून वेगळ्या करतात. छिन्नीने कोरलेली रेघ मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होत संपते, कारण हात सुटताना हलका होतो. आम्लाने खाल्लेली रेघ सारख्या जाडीची असते आणि टोकाला बोथट, गोल. हात उचलल्याची खूण तिच्यात नसते. ती संपते तिथे अचानक संपते. आमच्या परिभाषेत एचिंगला अम्लरेखन म्हणतात. अचूक शब्द आहे, पण त्यात आम्ल आहे आणि रेघ आहे, खाणं नाही. आजीच्या वाक्यात ते होतं.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या चार महिन्यांत ती आपल्या हाताने जेवू शकत नव्हती. मी मऊ भात कालवून, चमच्याने, एकेक घास तिला भरवायचे. आधी ती नको म्हणायची, मग घ्यायची. तोंड उघडताना डोळे माझ्यावर ठेवायची. मी तेव्हा काही टिपून ठेवत नव्हते, पाहूही नीट शकत नव्हते, घाईत असायचे, ऑफिसला निघायचं असायचं. तरी आज ते डोळे जसेच्या तसे आहेत. तेव्हाची दुसरी कितीतरी महत्त्वाची माणसं, ज्यांचे चेहरे मी ठरवून लक्षात ठेवले, ती पुसट झाली. आजीच्या त्या पाहण्याला मी मनावर कोरलं म्हणणं खोटं होईल. मी काहीही केलं नाही. कुठेतरी मेण गेलेलं होतं, आणि पुढचं काम माझ्याशिवाय, रोज थोडं थोडं, होत राहिलं.

तेव्हापासून भाषांतरात हा शब्द आला की मी थांबते. दगडावरची अक्षरं असतील, कोनशिला असेल, तर कोरणे ठीक. पण दुःखाबद्दल, चेहऱ्याबद्दल, आवाजाबद्दल असेल तर मी वाक्य मोडून पुन्हा बांधते आणि खाणे हे क्रियापद आत बसतं का ते पाहते. दर वेळी बसत नाही. एकदा एका कादंबरीत बसलं. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी दोन पानांचं पत्र लिहिलं आणि ते वाक्य तसंच छापलं गेलं.

पातेली आता माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत कितीतरी दिवसांनी कल्हईवाला आला, सायकलला भाता बांधून. मी घरातली तीन भांडी त्याला दिली, ही दिली नाही. कथलाखाली रेघ झाकली गेली असती.